अनुदान वाढलं, आता दिव्यांगांच्या नावावर शिल्लकही राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजारावरून अडीच हजार रुपये झालं. ही वाढ फार दिवसांपासूनची मागणी होती आणि तिचं मनापासून स्वागत. मात्र त्यानंतर जी चर्चा झाली ती एवढ्यात भागतं की नाही, याभोवतीच फिरली. आलेल्या पैशातलं काही त्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर मागे राहतं का, हे कुणी विचारलं नाही. दिव्यांग व्यक्तींची बँक, पोस्ट आणि तहसीलमधली कामं करून देताना आम्हाला जे दिसतं, त्यावरून सांगतो : बहुतेक वेळा काहीच राहत नाही. हातातोंडाची गाठ पडत नाही हे कारण आहेच. पण पाच-सातशे रुपये सहज बाजूला पडतील अशा घरांतही शिल्लक शून्य असते, कारण खातं चुकीच्या पद्धतीने उघडलेलं असतं, बँकेने चुकीची माहिती दिलेली असते, किंवा 'खात्यात पैसे दिसले तर पेन्शन बंद होईल' ही भीती असते. या तिन्ही गोष्टी सुधारता येण्यासारख्या आहेत.

सुरुवात खात्यापासून. अंध, अस्थिव्यंग किंवा कर्णबधिर व्यक्तीला 'पालक आणा, नाहीतर डोळस माणसाबरोबर जॉइंट खातं काढा' असं काउंटरवर आजही सांगितलं जातं. याला कसलाही आधार नाही. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम कार्ड, लॉकर, नेट बँकिंग यांपैकी काहीही नाकारता येणार नाही, असं रिझर्व्ह बँकेने जून २००८ मध्येच सर्व बँकांना कळवलं आहे. दिव्यांग अधिकार कायदा, २०१६ च्या कलम १३ नेही मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि कर्ज मिळवण्याचा समान हक्क दिला आहे.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा न राहणं) असलेल्या व्यक्तीची सही दर वेळी वेगळी येते आणि स्लिप परत येते, हा नेहमीचा अनुभव. अशा खात्यावर पहिल्या दिवसापासून सहीऐवजी अंगठ्याची नोंद करून घ्यावी. हाताचा अंगठा उमटत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ही पद्धत रिझर्व्ह बँकेच्याच सूचनांमध्ये आहे, फक्त शाखेत ती ठाऊक नसते. मोबाइलवरून केवायसी करताना 'डोळे मिचकावा' या पायरीवर अडलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आहे. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसीची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी हवी, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. शाखेने नकार दिला तर तो लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर आपला अर्ज देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. बँकेतल्या ठेवीला मिळणारं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी दिव्यांग मुलाची सगळी पुंजी गावच्या पतसंस्थेत ठेवणाऱ्या पालकांना हे आम्ही कळकळीने सांगतो.

जॉइंट खात्याबद्दलही थोडं. भावाबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं असेल, तर तो एकट्याच्या सहीने सगळे पैसे काढू शकतो. त्यात बेकायदा काही नसतं, म्हणून नंतर बँकेकडे दादही मागता येत नाही. भावावर अविश्वास दाखवा असं आमचं म्हणणं नाही. पण अनुदानाचं खातं एकट्याच्या नावावर ठेवावं आणि भावाचं नाव नामनिर्देशनात घालावं. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येतात, त्यामुळे एकाच भावंडाला निवडण्याचा पेचही उरलेला नाही.

बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत, व्यक्तीला स्वतः व्यवहार सांभाळणं खरोखर शक्य नसेल, तर कायदेशीर पालकत्वाचा मार्ग आहे. इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला अधिकार संपतो. तोपर्यंत अज्ञान (अल्पवयीन) म्हणून चाललेलं खातं बँक थांबवते आणि त्यातली शिष्यवृत्ती, अनुदान, आजीने ठेवलेली एफडी, सगळं अडकतं. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे फॉर्म ए भरून अर्ज करायचा. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), जन्माचा पुरावा, ती व्यक्ती आणि होणारा पालक अशा दोघांचे आधार, फोटो, रहिवासी पुरावा आणि आईवडील हयात असतील तर त्यांची संमती द्यायची. समिती नेमणुकीचं प्रमाणपत्र देते आणि बँकांनी ते ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ पासून सांगितलेलं आहे. कोर्टाचाच आदेश आणा असं म्हणणाऱ्या शाखेला हे दाखवावं. अर्ज अठरा पूर्ण झाल्यावरच करता येतो, पण कागद सतराव्या वर्षी जमवून ठेवावेत. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तात्पुरतं असेल आणि मुदत संपलेली असेल, तर सगळं तिथेच अडतं.

पालक म्हणून नेमणूक झाली की काम संपलं असंही नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करावा लागतो. बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही. एका दोनशे पानी वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च आणि औषधांच्या पावत्या चिकटवलेल्या, एवढं पुरतं. हा हिशेब असला की उद्या नातेवाइकांमध्ये वाद झाला तरी बोट दाखवायला जागा राहत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारात समितीकडून पालक नेमण्याचा हा मार्ग चालत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी हा उपचारांपुरता असतो, त्याला बँकेचे व्यवहार करता येत नाहीत. त्या घरांना न्यायालयात जाण्यावाचून पर्याय उरत नाही, ही कायद्यातली मोठी उणीव आहे.

आता पैसे हातात येतात तिथे काय होतं ते पाहू. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होतं. एखाद्याने मधे दुसऱ्या बँकेत खातं काढलं आणि तिथे आधार जोडलं गेलं, तर पैसे नव्या खात्यात जातात आणि जुनं पासबुक भरणारा माणूस 'अनुदान बंद झालं' म्हणून तहसीलच्या चकरा मारत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की पैसे कुठल्या बँकेत जातात हे दोन मिनिटांत कळतं. हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत न पोचणं हे थांबलेल्या अनुदानाचं दुसरं नेहमीचं कारण.

गावात पैसे काढून देणाऱ्या बँक मित्राकडे 'ठसा नीट उमटला नाही, परत ठेवा' असं म्हटलं जातं, तेव्हा सावध व्हा. पहिला ठसा खरोखर फेल गेला असेल तर यंत्रातून तशी पावती निघते. ती हातात घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नये, कारण दुसरा ठसा म्हणजे दुसरा व्यवहार असू शकतो. अंध व्यक्तीने रक्कम आणि शिल्लक मोठ्याने वाचून घ्यावी आणि मोबाइलवर संदेश आला का ते तिथेच उभं राहून ऐकावं. कुष्ठरोगमुक्त व्यक्तींच्या किंवा हाताला वाकडेपणा असलेल्यांच्या बोटांचे ठसे लागतच नाहीत, त्यांनी डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची सोय मागावी. पैसे काढायचे नसतील तेव्हा एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. ज्यांना शाखेपर्यंत जाणंच शक्य नाही, त्यांना घरपोच पैसे भरण्या-काढण्याची सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. शाखेत तसा अर्ज द्यावा लागतो, आपणहून कुणी विचारत नाही.

बचत कुठे करावी, या प्रश्नाला आमचं पहिलं उत्तर पोस्टातली आरडी (आवर्ती ठेव) हेच आहे. महिन्याला १०० रुपयांपासून ती उघडता येते आणि मुदत पाच वर्षांची असते. ६.७ टक्के दराने दरमहा ३०० रुपये भरले तर १८ हजारांचे पाच वर्षांनी सुमारे २१ हजार ४०० होतात, ५०० भरले तर ३० हजारांचे साधारण ३५ हजार ६८०. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, त्यामुळे अडीअडचणीला खातं मोडावं लागत नाही. तरीही आरडी मोडते, आणि ती का मोडते हे समजून घ्यायला हवं. अनुदान दर महिन्याला ठरल्या तारखेला येत नाही. कधी दोन महिने काहीच नाही, मग तीन महिन्यांचं एकदम. दहा तारखेचा ऑटो डेबिट लावलेला असतो आणि खातं त्या दिवशी रिकामं असतं. चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड लागतो, तो सोसता येतो. पण चार हप्त्यांच्या वर चूक झाली की खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांत सुरू करून घेतलं नाही तर त्यात पुढे पैसे भरता येत नाहीत.

म्हणून हप्ता मुद्दाम लहान ठेवावा. ५०० झेपतात असं वाटलं तर ३०० चाच घ्या. ऑटो डेबिट नको, अनुदान जमा झाल्याचा संदेश आला की त्याच आठवड्यात भरा. थकबाकी एकदम आली की पुढचे हप्ते आगाऊ भरून टाका. सहा हप्ते आगाऊ भरले तर शंभराच्या हप्त्यामागे १० रुपये आणि बारा भरले तर ४० रुपये सूटही मिळते. पोस्टाच्या बचत खात्यात मात्र ५०० रुपये कायम सोडा, नाहीतर वर्षअखेर देखभालीचे पैसे कापले जातात. आणि एक आवर्जून सांगायचं : पैसे भरायला शक्यतो त्या व्यक्तीलाच न्या, किंवा किमान पासबुक तिच्या हातात द्या. बौद्धिक दिव्यांगता असलेले अनेक तरुण आकडा वाढतोय हे बरोबर ओळखतात आणि पुढच्या वेळी आपणहून आठवण करून देतात. खर्च कशावर करायचा हे ठरवण्यात त्यांना सामील करून घेणं तिथून सुरू होतं.

वय १८ ते ४० असेल आणि आयकर भरत नसाल, तर अटल पेन्शनचा विचार करावा, पण आरडीनंतर. पंचविसाव्या वर्षी सुरू केल्यास हजार रुपयांच्या पेन्शनला महिन्याला ७६ रुपये पडतात, पाच हजारांच्या पेन्शनला ३७६. हप्ता तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो आणि अनियमित अनुदानाला सहामाहीच बरा. साठीपूर्वी बाहेर पडलं तर फारसं हाती लागत नाही, आणि ३५ वर्षांनंतरचे पाच हजार म्हणजे आजचे पाच हजार नव्हेत, हे एजंट सांगत नाही म्हणून इथे सांगतो. वर नाव आलेल्या चार प्रकारांतल्या व्यक्तींसाठी निरामय योजनेतून एक लाखाचं आरोग्य संरक्षण मिळतं. ते दरवर्षी ३१ मार्चपूर्वी नूतनीकरण करायचं असतं आणि तिथेच बहुतेक जण चुकतात.

पेन्शन बंद होण्याच्या भीतीबद्दल. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. मर्यादा उत्पन्नाची आहे, शिलकीची नाही. एक लाखाच्या ठेवीवर वर्षाला साडेसहा-सात हजार व्याज येतं, तेवढंच उत्पन्नात धरलं जाईल. तेव्हा वीस-तीस हजारांच्या आरडीसाठी घाबरण्याचं काहीच कारण नाही. मुलाच्या नावावर दिसू नये म्हणून ती काकांच्या नावावर ठेवणं हा तर सर्वांत धोक्याचा मार्ग.

खरी अडचण कमाईची आहे, आणि इथे सरकारचं लक्ष वेधायचं आहे. घरात दुसरं कुणीच कमावत नाही असं धरू. दिव्यांग तरुण महिना ४,१०० रुपये कमावतो, म्हणजे वर्षाला ४९,२००. तो मर्यादेत बसतो, अनुदान धरून त्याच्या हातात ६,६०० येतात. मालकाने पगार शंभर रुपयांनी वाढवला की उत्पन्न होतं ५०,४०० आणि वर्षाचे ३० हजार जातात. हातात राहतात ४,२००. पगार ६,६०० होईपर्यंत तो पगार न वाढलेल्या माणसापेक्षा गरीबच असतो. शिवाय मर्यादा साऱ्या कुटुंबाची असल्याने आईची रोजंदारी त्यात मिळवली की खड्डा आणखी आधी येतो. परिणामी लोक पगार रोखीने मागतात, पीएफ नको म्हणतात, मालकालाही ते सोयीचं असतं, आणि पंधरा वर्षं काम करूनही त्या माणसाच्या नावावर ना पीएफ, ना पगाराची स्लिप, ना कर्ज मिळण्याइतका पुरावा. आमची मागणी साधी आहे. ५० हजारांच्या वर मिळणाऱ्या प्रत्येक दोन रुपयांमागे अनुदानातला एक रुपया कापा. म्हणजे एक लाख दहा हजारांच्या उत्पन्नाला अनुदान पूर्ण संपेल, पण मधल्या एकाही पायरीवर पगारवाढ ही शिक्षा ठरणार नाही. दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या ठेवींवरचं व्याज उत्पन्नात धरूच नये, ही त्याला जोडून दुसरी मागणी.

आईवडिलांनी हयातीत करायच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी पालकांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण आयकर कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसणाऱ्या मुलाला हा नियम लागू नाही. त्याच्या नावावरच्या ठेवीचं व्याज त्याचंच धरलं जातं. त्यासाठी मुलाचं वेगळं पॅन काढा. सरकारी नोकरांनी निवृत्तीच्या कागदांतच दिव्यांग अपत्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नोंदवून ठेवावं. स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तीवेतन तहहयात मिळू शकतं, पण आईवडिलांमागे हे सिद्ध करत बसणं भावंडांना वर्षानुवर्षं पुरतं. खाजगी नोकरीतल्या ईपीएस-९५ या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेतही कायमच्या पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन आहे. आणि नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. घराबाबत दिव्यांग अपत्याला तहहयात राहण्याचा हक्क, दोन साक्षीदारांसह केलेल्या मृत्युपत्रात शब्दांत लिहून ठेवा. 'धाकटा बघेल' हे तोंडी आश्वासन धाकट्याच्या मागे कुणालाच बांधील नसतं.

गावपातळीवर अजून एक दार उघडं आहे आणि ते फार थोडे वापरतात. उमेद अभियानात एरवी बचत गटाला दहा सदस्य लागतात. दिव्यांगांच्या गटाला पाच पुरतात आणि त्यात स्त्री-पुरुष एकत्र चालतात. पाच जणांनी महिना शंभर रुपये टाकले तरी वर्षाला सहा हजार जमतात आणि सावकाराकडे न जाता हजार-दोन हजारांचं अंतर्गत कर्ज फिरतं. बैठकीची जागा तळमजल्यावर आणि पायऱ्यांविना हवी, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून सदस्य गळायला लागतात.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांनी स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो अनेक ठिकाणी मार्चअखेरीस घाईने वस्तूवाटपात संपवला जातो. त्यातला काही भाग बचतीला जोड म्हणून द्यावा असं आम्ही सुचवतो. दिव्यांग व्यक्तीने वर्षात तीन हजार साठवले, तर पंचायतीने तेवढेच तिच्या खात्यात भरावेत. ही कल्पना हवेतली नाही. कॅनडात २००८ पासून दिव्यांगांच्या दीर्घकालीन बचत खात्यात सरकार आपली भर घालतं. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने वेगळं बचत खातं दिलं आणि त्यातल्या एक लाख डॉलरपर्यंतच्या शिलकीमुळे तिथलं अपंगत्व साहाय्य थांबत नाही.

राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. कायदा न बदलता तो दोन गोष्टी लगेच करू शकतो : अनुदान जमा होण्याची महिन्याची एक तारीख जाहीर करून ती पाळणं, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीच्या बैठकीची तारीख व प्रलंबित अर्जांची संख्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावणं. समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसावं असं कायद्यातच आहे. पुढच्या बैठकीची तारीख कधी, हे विचारायला पालकांना शंभर किलोमीटरची एसटी करावी लागू नये.

आपले,
दिव्यांग व्यक्तींच्या बँक व योजनाविषयक कामांत मदत करणारे कार्यकर्ते,
सातारा